एकचल समीकरणे, पायरी-पायरीने : सराव-पुस्तिकेच्या प्रकल्प नोंदी, सोलापूर

१७ जून २०२४

शाळा सुरू झाल्या. पूर्व भागातील आमच्या अभ्यासिकेत आठवी-नववीची मुले संध्याकाळी येऊ लागली असून, उन्हाळ्यात ठरवलेल्या सराव-पुस्तिकेचे काम आजपासून हाती घेतले आहे. विषय एकच आहे: एका चलातील साधी समीकरणे एकेक पायरी लिहून सोडवणे. आठवीच्या पाठ्यपुस्तकात ‘एकचल समीकरणे’ हे प्रकरण आहेच आणि ते चांगले आहे. परंतु पाठ्यपुस्तकाला जागेची मर्यादा असते, त्यामुळे सोडवलेल्या उदाहरणात दोन क्रिया एका ओळीत उरकल्या जातात. आणि जी मुले घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात, ज्यांच्या शेजारच्या खोलीत यंत्रमाग चालू असतो, ज्यांना वर्गाबाहेर शंका विचारायला कोणी नसते, त्यांना नेमकी ती गाळलेली ओळच हवी असते.

मांडणी ठरली ती अशी. पानाचे दोन उभे भाग करायचे. डावीकडे समीकरण, उजवीकडे त्या ओळीत दोन्ही बाजूंवर काय केले त्याचे कारण. एका ओळीत एकच क्रिया. परवानगी असलेल्या क्रिया चारच: दोन्ही बाजूंत समान संख्या मिळवणे, दोन्ही बाजूंतून समान संख्या वजा करणे, दोन्ही बाजूंना शून्याखेरीज समान संख्येने गुणणे, आणि शून्याखेरीज समान संख्येने भागणे. याखेरीज कंस सोडवणे आणि सजातीय पदे एकत्र करणे ही एकाच बाजूची आवराआवर आहे, तिला ‘क्रिया’ म्हणायचे नाही. हा भेद पुस्तिकेत शेवटपर्यंत पाळायचा.

पाठ्यपुस्तकात चलांसाठी इंग्रजी अक्षरे असतात आणि पुस्तिकेतही तीच राहतील; या नोंदींत मात्र मी माझ्या शाळेच्या दिवसांतील सवयीने क्ष आणि य लिहीत आहे.

२१ जून २०२४

उदाहरणे लिहिण्यापूर्वी मुलांच्या गेल्या वर्षीच्या वह्या मागवून घेतल्या. सर्वांत अधिक दिसलेली गोष्ट चुकीची बेरीज-वजाबाकी नव्हे, तर ही ओळ आहे:

३क्ष + ५ = २० = ३क्ष = १५ = क्ष = ५

उत्तर बरोबर आहे, त्यामुळे गुणही मिळालेले आहेत. परंतु ही ओळ जशी लिहिली आहे तशी वाचली, तर २० आणि १५ समान आहेत, १५ आणि क्षही समान आहेत, आणि तरीही क्ष ५ आहे. मुलाच्या मनात ‘=’ या चिन्हाचा अर्थ ‘आणि मग पुढे’ असा झालेला आहे. प्राथमिक शाळेत ७ + ८ = असे लिहून पुढे रिकामी चौकट ठेवली जाते, तेव्हापासून हा अर्थ मुरत जातो: चिन्हाच्या डावीकडे काम, उजवीकडे उत्तर. रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये हे चिन्ह वापरात आणले, तेव्हा सारख्या लांबीच्या दोन समांतर रेषांहून अधिक समान असे काही असू शकत नाही, असे कारण त्यांनी दिले होते. समीकरण समजण्यासाठी मुलाला तोच अर्थ पुन्हा मिळवावा लागतो.

म्हणून पहिले पान समीकरण सोडवण्याचे नाही. त्यावर फक्त खरे-खोटे आहे. ८ + ४ = ७ + ५ हे खरे की खोटे? १२ = ८ + ४ असे उलटे लिहिता येते का? आज एका मुलाने दुसऱ्या प्रश्नावर फुली मारली आणि म्हणाला, “सर, उत्तर आधीच कसं लिहायचं?” हा प्रश्न पानाच्या डोक्यावर जसाच्या तसा छापावा असा आहे.

सोडवलेल्या उदाहरणात ओळीच्या आरंभी ∴ हे चिन्ह राहील, ‘=’ प्रत्येक ओळीत एकदाच येईल आणि सर्व ‘=’ एकाखाली एक येतील.

२८ जून २०२४

आज ‘पलीकडे नेणे’ या प्रकारावर बराच वेळ गेला. सोलापुरात असो वा आणखी कुठे, मराठी माध्यमाच्या वर्गात समीकरण शिकवताना हे वाक्य उच्चारले जातेच: “पलीकडे नेले की चिन्ह बदलते.” बेरीज-वजाबाकीपुरते ते खरे ठरते. क्ष + ७ = १९ यातील + ७ पलीकडे − ७ होऊन जातो, कारण प्रत्यक्षात दोन्ही बाजूंतून ७ वजा केलेले असतात आणि डावीकडे काही उरलेले नसते. परंतु मुलाला हे कारण ठाऊक नसेल तर त्याच्या दृष्टीने पद उडी मारते आणि उडी मारताना रंग बदलते, एवढेच. मग ५क्ष = ३० यातील ५ लाही तो उडी मारायला लावतो. वह्यांत पुढील तिन्ही प्रकार सापडले:

क्ष = ३० − ५ = २५
क्ष = ३०/(−५) = −६
क्ष = ३० × ५ = १५०

दुसरा प्रकार शहाण्या मुलाचा आहे. ५ गुणाकारात आहे, म्हणून पलीकडे भागाकारात जायला हवा, हे त्याने लक्षात ठेवले; चिन्ह बदलते, हेही लक्षात ठेवले; आणि दोन्ही नियम एकदम लावले. पाठ केलेला नियम किती प्रामाणिकपणे पाळला तरी असे होऊ शकते, हे पाहून मी पुस्तिकेच्या पहिल्या दोन भागांतून ‘पलीकडे’ हा शब्दच काढून टाकायचे ठरवले. त्याऐवजी ओळ अशी असेल:

३क्ष + ५ = २०
३क्ष + ५ − ५ = २० − ५ (दोन्ही बाजूंतून ५ वजा केले)
३क्ष = १५ (दोन्ही बाजूंची आवराआवर)
३क्ष/३ = १५/३ (दोन्ही बाजूंना ३ ने भागले)
क्ष = ५

सहकारी शिक्षिकांचे म्हणणे असे की, परीक्षेत एवढ्या ओळी लिहायला वेळ नसतो. ते खरे आहे. परंतु ज्याने ही दुसरी ओळ पुरेशा वेळा लिहिली आहे, त्याला ती एक दिवस स्वतःच गाळावीशी वाटते, आणि तेव्हा त्याला काय गाळले ते ठाऊक असते. तिसऱ्या भागात संक्षिप्त पद्धत द्यायची, असे आम्ही दोघांनी मान्य केले.

आधी कशाच्या बेड्या काढायच्या, ३ च्या की ५ च्या, हाही प्रश्न येतो. आधी ३ ने भागले तरी चालते, फक्त मग ५ लाही भागावे लागते आणि ५/३ सांभाळत बसावे लागते. दोन्ही मार्ग शेजारी शेजारी छापले की मुले सोपा मार्ग आपण होऊन निवडतात. नियम सांगावा लागत नाही.

६ जुलै २०२४

तराजूचे चित्र पुस्तिकेत असावे की नसावे, यावर चर्चा. मंगळवार बाजारातला साधा दोन पारड्यांचा तराजू मुलांना माहीत आहे. दोन्ही पारड्यांतून सारखेच वजन उचलले तर काटा हलत नाही, हे सांगावे लागत नाही. ३क्ष + ५ = २० साठी हे चित्र उत्तम आहे. अडचण पुढे येते. ५ − २क्ष = ११ हे तराजूवर कसे दाखवायचे? पारड्यात ‘वजा दोन क्ष’ ठेवता येत नाही, आणि उत्तर −३ आहे, म्हणजे ज्या पिशवीचे वजन शोधायचे ती पिशवीच ऋण वजनाची निघते. चित्र ओढूनताणून पुढे नेण्यापेक्षा ते धन संख्यांच्या उदाहरणांबरोबरच थांबवावे आणि पुढे केवळ चार क्रियांवर भिस्त ठेवावी, असे माझे मत पडले.

५ − २क्ष = ११
−२क्ष = ६ (दोन्ही बाजूंतून ५ वजा केले)
क्ष = −३ (दोन्ही बाजूंना −२ ने भागले)

येथे मुले शेवटी २ नेच भागतात आणि −क्ष = ३ येथे येऊन थांबतात, किंवा ऋण चिन्ह कंटाळून सोडून देतात. ‘−२ ने भागले’ असे कारणाच्या स्तंभात चिन्हासह लिहिण्याची सक्ती ठेवली आहे.

जाता जाता एक गोष्ट मुलांसाठी नोंदवून ठेवतो. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम सांगितले होते आणि अशा समीकरणाची उकलही एका नियमात दिली होती. भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) काळी समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक लिहीत, अज्ञात राशीसाठी ‘या’ आणि सुट्या संख्येसाठी ‘रू’ अशी अक्षरे वापरत. ७क्ष + ४ = ३क्ष + २४ त्या पद्धतीने असे दिसेल:

या ७ रू ४
या ३ रू २४

जे पद एखाद्या बाजूत नसेल तेथे शून्य लिहीत, आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. ब्रह्मगुप्ताचा नियम म्हणजे सुट्या संख्यांची वजाबाकी उलट क्रमाने करायची आणि तिला सहगुणकांच्या, म्हणजे चलाला गुणणाऱ्या संख्यांच्या, वजाबाकीने भागायचे: (२४ − ४) ÷ (७ − ३) = ५. मुलांनी स्वतःच्या पद्धतीने ५ काढून झाल्यावर ही दोन ओळींची मांडणी दाखवली, की आपल्या चार ओळींतील कोणत्या तीन क्रिया या एका नियमात दडल्या आहेत ते शोधण्यात ती रमतात. पुस्तिकेत हे चौकटीत येईल.

१९ जुलै २०२४

दोन्ही बाजूंत चल असलेली समीकरणे. उदाहरण घेतले:

३क्ष + १७ = ८क्ष − ८

मुलांचा हट्ट असा की क्ष डावीकडेच आला पाहिजे. तसे केले की −५क्ष = −२५ येते आणि दोन ऋण चिन्हे सांभाळावी लागतात. त्याऐवजी दोन्ही बाजूंतून ३क्ष वजा केले, तर १७ = ५क्ष − ८, मग २५ = ५क्ष, मग ५ = क्ष. ‘५ = क्ष’ हे पूर्ण उत्तर आहे, हे पटायला वेळ लागतो; पहिल्या पानावरचे १२ = ८ + ४ येथे उपयोगी पडले. लहान सहगुणकाचे चलपद काढून टाकावे, म्हणजे ऋण चिन्ह आपोआप टळते, एवढी सूचना पुरेशी आहे. यापेक्षा अधिक लिहिण्यासारखे या भागात काही नाही.

३ ऑगस्ट २०२४

या पुस्तिकेचा सर्वांत अवघड भाग आता आला आहे: अपूर्णांक, आणि त्याच्या आधी असलेले वजाचे चिन्ह. गेले काही दिवस पुढील एकच समीकरण निरनिराळ्या मुलांना देऊन त्यांच्या ओळी पाहत आहे.

(२क्ष + १)/३ − (क्ष − ४)/२ = ४

छेद ३ आणि २, लसावि ६, तेव्हा दोन्ही बाजूंना ६ ने गुणायचे. येथवर बहुतेकांची गाडी सुरळीत चालते. पुढची ओळ अशी असायला हवी:

२(२क्ष + १) − ३(क्ष − ४) = २४
४क्ष + २ − ३क्ष + १२ = २४
क्ष + १४ = २४
क्ष = १०

ताळा: डावी बाजू २१/३ − ६/२ = ७ − ३ = ४. उजवी बाजू ४.

प्रत्यक्षात दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले ठिकाण म्हणजे उजवी बाजू. डावीकडे छेद दिसतात, म्हणून ६ चा वापर तेथेच होतो. उजवीकडचा ४ बिचारा छेदाविना उभा, त्याला कोणी गुणत नाही. मग क्ष + १४ = ४ आणि क्ष = −१० असे येते. मुलाच्या दृष्टीने ६ हा ‘छेद घालवण्याचा उपाय’ असतो, ‘दोन्ही बाजूंवरची क्रिया’ नसतो. उजव्या स्तंभात ‘छेद काढले’ असे लिहिणाऱ्यांकडून हे घडते आणि ‘दोन्ही बाजूंना ६ ने गुणले’ असे लिहिणाऱ्यांकडून क्वचित घडते, हे मी मुद्दाम पाहिले. कारणाचा स्तंभ सुशोभनासाठी नाही, असे मी सहकाऱ्यांना सांगत आलो आहे, त्याचा हा चांगला दाखला आहे.

दुसरे ठिकाण वजाच्या चिन्हाचे. अपूर्णांकाची आडवी रेघ दोन कामे करते: भागाकार दाखवते आणि अंशाला कंसात बांधूनही ठेवते. क्ष − ४ या अंशाभोवती कंस काढलेला नसतो, कारण रेघच तो कंस असते. छेद गेला की रेघ जाते आणि रेघेबरोबर तो न दिसणारा कंसही जातो. मग मुलगा लिहितो:

४क्ष + २ − ३क्ष − १२ = २४

वजाचे चिन्ह पहिल्या पदाला लागले, दुसऱ्या पदापर्यंत पोहोचलेच नाही. यातून क्ष = ३४ मिळते. ३४ ठेवून पाहिले तर डावी बाजू ६९/३ − ३०/२ = २३ − १५ = ८ येते, ४ नव्हे; म्हणजे ताळा घेतला असता तर चूक तेथेच उघडी पडली असती.

उपाय म्हणून पुस्तिकेत एक जादा ओळ घातली आहे. लसाविने गुणण्यापूर्वीच प्रत्येक अंशाला कंस काढायचा, एकच पद असले तरी काढायचा. काल एका मुलीने वहीत रेघेच्या वरचे कंस लाल शाईने काढले, मग गुणाकार निळ्या शाईने केला, आणि − ३ × (−४) हा गुणाकार समासात वेगळा करून + १२ लिहिले. तिच्या त्या पानाची मांडणी मी जवळजवळ तशीच उचलली आहे. दोन रंगांची छपाई परवडणार नाही, म्हणून लाल कंसाच्या जागी जाड कंस येतील.

याच भागात तिरकस गुणाकाराची गोष्ट येते. दोन्ही बाजूंत एकेकच अपूर्णांक असेल तेव्हा तो वापरणे योग्य आहे, जसे (क्ष + ३)/४ = (क्ष − १)/२ यात २(क्ष + ३) = ४(क्ष − १) आणि क्ष = ५. परंतु क्ष/४ + १ = (क्ष − २)/३ दिसले तरीही मुले ३क्ष + १ = ४(क्ष − २) असे तिरके गुणून मोकळी होतात आणि क्ष = ९ काढतात. डावीकडच्या १ ला गुणायचे राहून गेले. खरी उकल २० आहे: २०/४ + १ = ६ आणि १८/३ = ६. तिरकस गुणाकार म्हणजे दोन्ही छेदांच्या गुणाकाराने दोन्ही बाजूंना गुणणे होय, हे ओळी मांडून दाखवल्याखेरीज तो शब्द पुस्तिकेत वापरायचा नाही.

२३ ऑगस्ट २०२४

ताळ्याविषयी. मुले ताळा करतात, पण शेवटून दुसऱ्या ओळीत करतात: ३क्ष = १५ मध्ये ५ ठेवले, १५ = १५ आले, झाले. त्यामुळे त्याआधीच्या सर्व चुका सुखरूप राहतात. किंमत मूळ समीकरणातच ठेवायची, दोन्ही बाजू स्वतंत्र काढायच्या आणि शेवटी तुलना करायची, असा छापील साचाच प्रत्येक उदाहरणाखाली दिला आहे.

आणखी एक समजूत मोडावी लागते, ती म्हणजे उत्तर अपूर्णांकात आले की गणित चुकले. ५क्ष − २ = २क्ष + ५ यात क्ष = ७/३ येते. एका मुलाने तीनदा खोडून पुन्हा सोडवले, तरी तेच आले, म्हणून त्याने शेवटी ७/३ च्या जागी २ लिहिले. ताळा केला असता तर डावीकडे ३५/३ − ६/३ = २९/३ आणि उजवीकडे १४/३ + १५/३ = २९/३ हे त्याला दिसले असते. अपूर्णांकी उत्तराची उदाहरणे मुद्दाम मध्येमध्ये पेरली आहेत, शेवटी एकत्र नाहीत.

११ सप्टेंबर २०२४

गणपतीची सुट्टी असल्याने निवांतपणे शाब्दिक उदाहरणे लिहिली. आकडे काल्पनिक आहेत, वस्तू इथल्या आहेत.

पहिले: “आईने आठवड्यात काही हजार विड्या वळून दिल्या. दर हजारी २५० रुपये मजुरी ठरली होती. आधी घेतलेली १०० रुपयांची उचल कापून हाती १,४०० रुपये आले, तर किती विड्या वळल्या?” क्ष हजार मानले की २५०क्ष − १०० = १४०० आणि क्ष = ६, म्हणजे ६,००० विड्या. मुले ‘६ विड्या’ असे उत्तर लिहितात. क्ष म्हणजे काय हे पहिल्याच ओळीत एककासह लिहायचे, ही अट त्यासाठी. हे उदाहरण वर्गात वाचले तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, छाट धरली नाही का?” खराब ठरवून बाजूला काढलेल्या विड्यांना छाट म्हणतात आणि तिची मजुरी मिळत नाही. तिच्या म्हणण्यावरून पुढचे, थोडे अवघड उदाहरण तयार झाले.

दुसरे: “एका चादरीची किंमत टॉवेलच्या किमतीच्या तिपटीपेक्षा ५० रुपयांनी जास्त आहे. २ चादरी आणि ५ टॉवेल यांचे १,४२० रुपये झाले.” टॉवेल क्ष रुपयांचा मानला, तर २(३क्ष + ५०) + ५क्ष = १४२०, त्यावरून ११क्ष + १०० = १४२० आणि क्ष = १२०; चादर ४१० रुपयांची. येथे चादर क्ष मानली तर टॉवेल (क्ष − ५०)/३ होतो आणि अपूर्णांक गळ्यात पडतो. ज्याच्या तुलनेत दुसऱ्याचे वर्णन केले आहे त्याला क्ष म्हणावे, हे मुलांना दोन्ही प्रकारे सोडवायला लावूनच पटते.

२० ऑक्टोबर २०२४

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रीघ नुकतीच पाहिली, म्हणून प्रवासाचे उदाहरण तेच घेतले. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. दादा ताशी ५ किलोमीटर वेगाने पायी निघाला. धाकटा भाऊ ४ तासांनी सायकलवर ताशी १५ किलोमीटर वेगाने निघाला. तो दादाला केव्हा गाठेल? धाकट्याचे क्ष तास मानले:

१५क्ष = ५(क्ष + ४)
१०क्ष = २०
क्ष = २

म्हणजे सोलापूरपासून ३० किलोमीटरवर. आता धाकटा ४ ऐवजी ८ तासांनी निघाला तर? १५क्ष = ५(क्ष + ८), क्ष = ४, अंतर ६० किलोमीटर. समीकरण बिनचूक सुटले, ताळाही जुळतो, परंतु तुळजापूर ४५ किलोमीटरवरच आहे; दादा देवीच्या दारात पोहोचून बसला असेल, वाटेत गाठ पडणार नाही. समीकरणाची उकल आणि प्रश्नाचे उत्तर यांत फरक असू शकतो, हे आठवीच्या मुलांना यापूर्वी कोणी दाखवलेले नव्हते. नेमके तुळजापुरातच गाठ पडायची असेल तर किती उशिरा निघावे, हा उपप्रश्न एका मुलाने स्वतः काढला. उत्तर ६ तास.

२४ नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतर काम पुन्हा सुरू. आज ज्यांत क्ष नाहीसा होतो अशी समीकरणे घेतली. २(क्ष + ३) = २क्ष + ७ यात दोन्ही बाजूंतून २क्ष वजा केले की ६ = ७ उरते. हे केव्हाच खरे नाही, म्हणून समीकरणाला उकल नाही. २(क्ष + ३) = २क्ष + ६ यात ६ = ६ उरते, म्हणजे कोणतीही संख्या चालते. मुले पहिल्यात घाबरतात आणि दुसऱ्यात क्ष = ६ लिहून देतात.

५क्ष = ३क्ष हे याहून फसवे. दोन्ही बाजूंना क्षने भागले तर ५ = ३ येते आणि उकल नाही असे वाटते; परंतु क्ष = ० ही उकल समोरच आहे. क्ष शून्य असू शकतो आणि शून्याने भागण्याची परवानगी नाही, ही अट सुरुवातीपासून ठेवली होती ती येथे कामी आली. चलाने भागायचे नाही, दोन्ही बाजूंतून ३क्ष वजा करायचे: २क्ष = ०.

१४ डिसेंबर २०२४

दोन चलांचा भाग नववीसाठी जोडावा अशी मागणी आली. ३क्ष + २य = १६ आणि ५क्ष − २य = १६ यांची बेरीज करून ८क्ष = ३२, क्ष = ४, य = २, एवढा एक नमुना ठेवला आहे. बाकीचे वेगळ्या पुस्तिकेत घ्यावे.

६ जानेवारी २०२५

अक्षरजुळणीची पहिली प्रत आली. वजाचे चिन्ह आणि जोडरेघ ही दोन्ही एकाच लांबीची आल्याने ‘क्ष-४’ हा एक शब्द असल्यासारखा दिसतो. वजा लांब हवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा हवी. दोन ठिकाणी ओळ वजापाशी तुटून चिन्ह वरच्या ओळीच्या टोकाला राहिले आहे, त्यामुळे खालचे पद धन वाचले जाते. अपूर्णांकाची रेघ तिरकी न ठेवता आडवी आणि अंशाच्या पूर्ण लांबीची हवी, कारण तीच कंसाचे काम करते, हे जुळणी करणाऱ्या मुलाला ऑगस्टमधले उदाहरण सोडवून दाखवले. त्याने स्वतः ३४ काढले. त्यानंतर सर्व रेघा त्याने न सांगता लांब केल्या.

१९ जानेवारी २०२५

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेमुळे मुलांची हजेरी कमी होती. तो वेळ उदाहरणांतील आकडे तपासण्यात घालवला. चुकीच्या पद्धतीनेही बरोबर उत्तर येईल असे उदाहरण सराव-संचात राहू नये, असा निकष लावला. २क्ष = ४ हे त्यातले ठळक: २ ने भागले तरी २, आणि ४ मधून २ वजा केले तरी २. अनेक सराव-संचांत हेच पहिले उदाहरण असते, आणि ‘३० − ५ = २५’ लिहिणाऱ्या मुलाला त्यावर बरोबरची खूण मिळते. त्याच्या जागी २क्ष = १४ घेतले. ज्यांचे उत्तर शून्य येते तीही सुरुवातीच्या भागातून काढली, कारण ३क्ष + ५ = ५ − २क्ष यात कोणी −२क्षचे चिन्ह चुकवले तरी उत्तर शून्यच राहते आणि चूक झाकली जाते; ती आता शेवटच्या भागात, ५क्ष = ३क्ष च्या जोडीला गेली आहेत.

उत्तरांच्या पानावर क्षची किंमत छापायची नाही, तर ताळ्यात दोन्ही बाजूंची येणारी किंमत छापायची, असे ठरले. ३क्ष + १७ = ८क्ष − ८ यापुढे ‘दोन्ही बाजू ३२’ एवढेच असेल. मागे पाहून उत्तर उतरवणाऱ्याला ३२ चा थेट उपयोग नाही, आणि सोडवणाऱ्याला तो पुरेसा आहे. शाब्दिक उदाहरणांसाठी हे चालत नाही. तेथे एककासह उत्तर द्यावे लागेल. छाट धरलेल्या विडीच्या उदाहरणातील आकडे अजून बदलायचे आहेत, कारण सध्या उत्तर ६.४ हजार येते आणि मुले ते ६४० वाचतात. ते झाले की प्रत छपाईला जाईल.